सतरा नंबरचं विरजण

विहिरीतल्या चोंबडीनं सतरा नंबरचं घर सांगितलं, तेव्हा छाया रेडेकर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चहा पीत उभी होती. फोनवर लाल पट्टी आली. तिनं ती वाचली, पदरानं काच पुसून पुन्हा वाचली आणि कप तसाच कठड्यावर ठेवून दिला. सतरा नंबर म्हणजे रत्नाक्का चौगुले. लग्न होऊन मोरओहळात आल्यापासूनची, पंचवीस वर्षं जुनी मैत्रीण. आणि चार दिवसांपूर्वी छायाच्या अडीच महिन्यांच्या नातवाला ज्या पाण्यानं निळं पाडलं, ते पाणी याच विहिरीचं होतं.

"वैनी, कोण निघालं?" आतून सरपंच संग्रामदादांनी विचारलं.

"अजून नक्की नाही," छाया म्हणाली.

"नक्की नाही कसं? मलाबी आलाय की मेसेज."

झालं. दुपारच्या आत गावभर बोभाटा.

आता ही चोंबडी कोण, ते आधी सांगायला हवं. मोरओहळ वसलंय जांभ्याच्या सड्यावर. जांभा दिसायला टणक, पण आतून सगळा भोकाभोकांचा. आज इथं मुरलेलं पाणी परवा तिकडं निघतं. गावाला पिण्याची विहीर एक, आणि तिच्या चहूबाजूंनी सव्वाशे घरांचे संडास, खाली शोषखड्डे. खड्ड्यातला अमोनिया मातीत मुरता मुरता नायट्रेट होतो आणि पाण्याबरोबर चालू लागतो. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळलं तरी जात नाही, उलट आटून जास्तच होतं. मोठी माणसं ते पाणी पिऊन वर्षानुवर्षं जगतात. पण वरच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल, तर त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, आणि ते रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. बाळ श्वास घेत असतं, आणि तरी ओठ निळे पडत जातात.

यावर उपाय म्हणून सहा वर्षांपूर्वी गावात बरण्या आल्या. बरणीवरचं नाव इतकं लांबलचक होतं की सरपंचांनी ते दोनदा वाचून सोडून दिलं. आत घट्टसर, तपकिरी, दमट मातीच्या वासाचं काहीतरी. खड्ड्यात काथ्याची गादी टाकायची, तिच्यावर पळीभर ओतायचं, बाकी ते आपोआप वाढतं. छायाच्या सासूनं बरणीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हात्तिच्या, विरजणच की हे!" तेव्हापासून त्याला तेच नाव पडलं.

त्या विरजणात दोन जातींचे जिवाणू होते. पहिले हवेत जगणारे, चटपटीत. ते अमोनियावर अर्धं काम करून देतात. दुसरे हवेवाचून जगणारे, मुलखाचे आळशी. एकाचे दोन व्हायला त्यांना दोन आठवडे लागतात. पण खरं काम त्यांचंच. पहिल्यांनी अर्धवट केलेलं घेऊन ते त्याचा साधा नायट्रोजन वायू करतात आणि हवेत सोडून देतात. दोघं नांदले तर पाणी स्वच्छ. दुसरे निघून गेले तर पहिले काम अर्ध्यावर टाकतात, आणि सगळी घाण नायट्रेट होऊन पाण्यात उतरते. म्हणून खड्डा चार फूटच हवा आणि खाली कोरडी माती हवी. पाण्यात बुडालेल्या खड्ड्यात ते आळशी जिवाणू टिकत नाहीत, धुऊन जातात.

शास्त्रज्ञांनी आणखी एक हुशारी केली होती. प्रत्येक घराच्या विरजणात, जिवाणूंच्या जनुकांमध्येच, त्या घराच्या नंबराची एक निरुपद्रवी खूण लिहून दिली. कुणाचा खड्डा झिरपला तर कळावं म्हणून. आणि गेल्याच आठवड्यात विहिरीत एक दंडगोल सोडला, जो दर शुक्रवारी पाण्यात वाहून आलेली खूण वाचून घर सांगतो. कुणाच्या घरात काय चाललंय ते सांगणाऱ्या त्या यंत्राला बायकांनी चोंबडी नाव ठेवलं नसतं तरच नवल.

छाया गावची जलसुरक्षक. पाण्याचे नमुने घेणं, खड्ड्यांच्या झाकणावरची टिकली बघत फिरणं, हे तिचं काम. विरजण जिवंत असलं की टिकली हिरवी, मेलं की काळी. काळी दिसली की छाया भर गल्लीत उभी राहून त्या घराची खरडपट्टी काढायची. संडासात ॲसिड ओतून विरजण मारणाऱ्या बायका तिला दुरून बघून घरात पळायच्या. ज्याची खूण दोन शुक्रवार निघेल त्याचा संडास तीन महिने सील आणि नळ बंद, हा ठराव ग्रामसभेत तिनंच मांडला होता. शेवटची सहीसुद्धा तिचीच लागायची. पहिला शुक्रवार आज झाला होता.

ती तडक रत्नाक्काच्या गोठ्यात गेली. रत्नाक्का म्हशीची धार काढत होती. गावातल्या निम्म्या घरांत तिचं दूध जायचं, आणि निम्म्याहून जास्त घरांत दही लागायचं ते तिच्याकडून वाटीभर मागून नेलेल्या विरजणाचं.

"आलीस? बस. बाळ कसं हाय?"

"ते निळं इंजेक्शन दिल्यापासनं सुधारलंय. ऑक्सिजन काढला. गुरुवारी सोडतील म्हणतात."

"देव पावला गं बाई."

छाया बसली नाही. "आक्का, चोंबडीनं तुझा नंबर सांगितला."

चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला.  रत्नाक्कानं छायाकडं अशा काही नजरेनं पाहिलं की, आता ही काहीतरी विचारणार असं छायाला वाटलं. पण विचारलं नाही.

"माझा खड्डा चांगला हाय," ती म्हणाली.

"मग तुझी खूण विहिरीत कशी?"

"ते तुझ्या यंत्राला विचार की."

"ॲसिड ओतलंस का? खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही."

"न्हाई ओतलं."

"मग लपवतीयास काय?"

रत्नाक्कानं चरवी उचलली, पदरानं झाकली. "पुढच्या शुक्रवारी माझाच नंबर आला तर सही करणार तू?"

"ठराव तुला माहीत आहे."

"व्हय, माहीत हाय. मग ह्यांना कुठं न्यायचं ते पण सांगून ठेव."

आतल्या खोलीत तिचा नवरा लकव्यानं चार वर्षं खाटेवर होता. त्याला धरून धरून संडासापर्यंत न्यायला तिनं भिंतीला बांबू ठोकून घेतले होते. छायाला ते सगळं ठाऊक होतं. ते बांबू ठोकताना ती स्वतः हजर होती. पण तिच्या डोळ्यांपुढून बाळाचे निळे ओठ जात नव्हते. ती बाहेर पडली.

आणि मग संशयानं आपलं काम सुरू केलं. साध्यासुध्या गोष्टी उलट्या दिसू लागल्या. रत्नाक्का बाळाला बघायला आली तेव्हा उंबऱ्याच्या आत का आली नाही? हात शेणाचे आहेत म्हणाली. खरंच होते का? गेल्या महिन्यात दुपारच्या वेळी ती पदराखाली बरणी झाकून कुठं चालली होती? तिच्या संडासाच्या दाराला कडी होती, तिथं आता कुलूप का? विहिरीवर बायकांना तर ऊत आला होता. "आम्हाला पहिल्यापासनं वाटतच होतं," असं त्या म्हणत होत्या, आणि रत्नाक्काकडून दूध घेणं एकेक करून बंद करत होत्या. कालपर्यंत तिच्याच विरजणाचं दही ओरपत होत्या, त्याच. छाया ते ऐकायची आणि गप्प बसायची. तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचा राग पण यायचा.

"यंत्राचं ऐकतेस आणि आक्काचं न्हाई," तिचा नवरा हिंदुराव जेवताना म्हणाला.

"यंत्राला खोटं बोलून काय मिळायचंय?"

"आणि आक्काला काय मिळायचंय?"

"तुम्हाला काय एवढा पुळका आलाय तिचा?"

 हिंदुराव दोन घास खाऊन उठला. छायाला तेही खटकलं. तिचा संशय आता ज्याच्या त्याच्या मागं लागला होता.

सोमवारी तालुक्याहून सुमेध तासगावकर आला. चोंबड्या बसवणारा, दुरुस्त करणारा तोच. शहरातला पोरगेला इंजिनिअर, हातमोज्यांवर हातमोजे घालणारा. त्यानं रत्नाक्काच्या खड्ड्याचं झाकण काढलं, दांडा घातला. बरोबर चार फूट. खाली कोरडी लाल माती. काथ्याची गादी विरजणानं गच्च भरलेली. घाण वास नावाला नाही.

"छायाताई, खरं सांगू? मी तालुक्यात एवढं छान विरजण कुठं पाहिलं नाही."

"मग चोंबडी चुकली."

"ती चुकत नाही. चार वेळा तपासलं. खूण सतराचीच आहे."

"दुसऱ्या कुणी हिचं विरजण नेलं असेल तर?" छायानं आपलं विचारून बघितलं.

सुमेध हसला. "संडासातलं कोण उसनं मागेल, ताई? आणि कशाला? तालुक्यात नवीन बरणी फुकट मिळते."

ते तिलाही पटलं. मग त्यानं रत्नाक्काच्या संडासात एक पूड टाकून पाणी ओतलं. पाण्यात मिसळली की ती हिरवीगार होते, माणसाला अपाय काही नाही. हा खड्डा झिरपत असला तर दोन दिवसांत विहिरीचं पाणी हिरवं व्हायला हवं. उरलेली पूड छायाकडं देऊन सुमेध गेला. मंगळवार गेला, बुधवार गेला. छाया दिवसातून सहा वेळा विहिरीत वाकून बघत होती. पाणी आरशासारखं स्वच्छ.

शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. छायाच्या मनात आलं ते भलतंच: हिनं दुसरा खड्डा केलाय. गुपचूप. गोठ्याखाली.

बुधवारी दुपारी ती पहार घेऊन रत्नाक्काच्या परड्यात शिरली. शेणाच्या ढिगामागं ठोकून बघितलं, हळदीच्या वाफ्यात ठोकून बघितलं, गोठ्याच्या फरशीवर ठोकून कान लावला. रत्नाक्का दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

"उकर की," ती शेवटी म्हणाली. "गोठा उकर. चूल पण उकर. ह्यांची खाट सरकवून देऊ का? खाली बघायचंय?"

"आक्का, माझ्या नातवाचा जीव जात होता!"

"म्हणून गप हाय मी. दुसरं कुणी पहार घेऊन आलं असतं, तर त्याच पहारीनं हाकललं असतं."

छायाची मान खाली गेली नाही. तिला वाटलं, ही नुसती बोलण्यात हुशार. पण हातातली पहार एकाएकी जड झाली, आणि ती परत निघाली तेव्हा गल्लीतल्या चार दारांत बायका उभ्या होत्या.

गुरुवारी मधुरा, तिची मुलगी, बाळाला घेऊन दवाखान्यातून आली. बाळ गुलाबी झालं होतं, भुकेनं किंचाळत होतं. त्याचं दूध आता तालुक्याहून आणलेल्या पाण्यात कालवायचं. छायानं बाळाची दृष्ट काढली, मधुराला दहीभात वाढला आणि स्वतःही ताट घेऊन समोर बसली. दहा दिवसांत पहिल्यांदा तिच्या घशाखाली काही उतरत होतं.

"रत्नामावशीकडचं दही ना?" मधुरानं विचारलं.

"घरचंच आहे."

"चव तर तिचीच आहे."

"तिचीच येणार. विरजण तिच्याकडचं, मग आपण कितीदा का लावेना, चव..."

छायाचा हात ताटावरच थांबला. तिच्या घरातलं दही, तिच्या म्हशीच्या दुधाचं, तिच्या हातचं, आणि चव रत्नाक्काची. चोंबडीला तरी दुसरं काय कळत होतं? तिला विरजण कळत होतं, खड्डा कुठं कळत होता? सुमेधला हे कधी सुचणार नव्हतं. त्याच्या जन्मात कुणी वाटी घेऊन शेजारी गेलं नसेल. पण मोरओहळात बाई विरजण संपलं तर तालुक्याला जाते होय? ती शेजारणीकडं जाते.

ती उष्ट्या हातानं तशीच रत्नाक्काच्या दारात गेली.

"आक्का, खड्ड्यातलं विरजण कुणाला दिलंस?"

रत्नाक्का तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. "आता सुचलं तुला?"

"कुणाला दिलंस सांग. आपण त्याला धरू. उद्या तुझ्यावर सही करायची वेळ आलीय."

"कर सही."

"पण का? कुणाला झाकतीयास?"

"मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"गेलेल्या माणसाला. आता परत येऊन ते मला सोडवणार न्हाई. जा घरी."

छाया गल्लीत येऊन उभी राहिली. गेलेलं माणूस. वर्ष-दीड वर्षात गावात कोण कोण गेलं, ते ती मोजू लागली. वरच्या आळीतले गुरुजी गेले. पण त्यांच्या घरात संडासच नव्हता, ते मुलाच्या घरी जायचे. आणखी कोण? आणि मग तिला आठवलं. गेल्या दिवाळीत तिची सासू गेली होती.

एकेक गोष्ट आता सरळ दिसायला लागली. दोन वर्षांपूर्वी छाया आठ दिवस कोल्हापूरला प्रशिक्षणाला गेली होती. परत आली तेव्हा सासू म्हणाली होती, "तुझी टिकली बघ कशी हिरवीगार हाय!" न विचारता का म्हणाली होती? टिकली काळी पडली असणार. जी सून गावाला काळ्या टिकलीवरून फाडून खाते, तिच्याच घरची काळी. म्हातारीनं सुनेची अब्रू वाचवायला बरणी घेऊन रत्नाक्काचं दार गाठलं असणार, आणि वर शब्द घेतला असणार: छायाला कळू देऊ नको.

पण विरजण मेलं कशानं? आपल्या घरात ॲसिड कधी आलं नाही. आपला खड्डा तर गावात सगळ्यात चांगला. चोवीस वर्षांत कधी भरला नाही, उपसावा लागला नाही. सासरा मिशीला पीळ देऊन सांगायचा, बापजन्मात भरायचा न्हाई असा खड्डा काढलाय मी. छायाही चारचौघांत तेच सांगायची. आत्ता गल्लीत उभं राहून तिनं ते वाक्य पहिल्यांदा नीट ऐकलं.

ती घरी आली, परड्यात गेली, झाकण बाजूला केलं. कासऱ्याला दगड बांधला आणि सोडू लागली. चार फुटांवर काथ्याची गादी लागली, जुन्या फळ्यांवर टेकलेली, वर झाकणावर हिरवी टिकली मिरवणारी. फळ्यांच्या फटीतून दगड खाली गेला. जात राहिला. कासरा संपत आला तरी जात राहिला.

"राहू दे गं ते," मागून हिंदुराव म्हणाला.

तिनं वळून बघितलं नाही. "किती फूट?"

"तू बाळंतपणाला माहेरी होतीस. मी आणि आबांनी मिळून काढला."

"किती फूट, ते विचारतीया."

"वीस. जास्तच असेल. आबांना वाटलं, एकदाच काय ते खोल काढू, पुन्हा घाण उपसायला नको. अनुदानासाठी साहेब फोटो काढायला आला, त्याला नियमाचे चार फूट दाखवायचे होते. मग फळ्या टाकल्या. सगळ्यांनीच टाकल्या होत्या तेव्हा." त्यानं झाकणावरची माती पुसली. "पुढं बऱ्याच जणांनी भरून घेतले. आबांनी भरू दिला न्हाई."

तिनं कासरा वर ओढला. अकरा फुटांपासून खालचा दोर ओलाचिंब होता. म्हणजे खड्ड्याचा निम्मा भाग गावाच्या पाण्यात उभा होता. आळशी जिवाणू तिथं कधीच टिकले नाहीत. गादीवरून खाली गळून, धुऊन विहिरीकडं जात राहिले, रत्नाक्काचा नंबर कपाळावर घेऊन. वरचे चटपटीत तेवढे राहिले आणि इमानेइतबारे नायट्रेट करत बसले. तिच्या घरातून, तिच्याच नातवासाठी.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"खोली ठाऊक होती. खुणेचं न्हाई गं, देवाशप्पथ. मला वाटलं, यंत्र आक्काचं नाव घेतंय, म्हणजे आपलं काही नसणार. वाटलं म्हणजे..." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "वाटून घेतलं."

छाया त्याच्यावर ओरडणार होती, पण ओरडायला तोंड कुठं होतं? सहा वर्षं दुसऱ्यांच्या झाकणांवर वाकत हिंडली, आणि आपल्या परड्यात एकदाही दगड सोडून बघितला नाही. तिनं सुमेधनं दिलेली उरलेली पूड आणली आणि स्वतःच्या संडासात ओतली. वर चार बादल्या पाणी.

शुक्रवारी सकाळी विहिरीवर बायकांचा एकच गलका उडाला. पाणी पोपटी हिरवं झालं होतं. संग्रामदादा ठरावाचा कागद घेऊन आले, चोंबडीनं पुन्हा सतराच नंबर सांगितला होता. रत्नाक्काही आली होती, कोपऱ्यात, हातात रिकामी घागर घेऊन.

"वैनी, हे हिरवं म्हणजे चौगुल्यांचंच ना?" दादा म्हणाले. "करा सही, सील घेऊन माणूस थांबलाय."

छायानं कागद घेतला. सतरा आकड्यावर काट मारली आणि वर तेवीस लिहिलं. मग सही केली.

"तेवीस? अहो, तेवीस तर तुमचं घर."

"माझंच. हा रंग मी काल माझ्या संडासात टाकलाय." तिनं कागद दादांच्या हातात दिला. "विरजण आक्काचं आहे, खड्डा माझा आहे. वीस फूट. माझ्या सासूनं आक्काकडनं विरजण उसनं आणलं होतं, आक्कानं शब्द दिला म्हणून ती तोंड शिवून बसली. आणि मी तिचा गोठा उकरायला गेले. सगळ्यांनी बघितलंय ते, आता हेही ऐका. आमचा संडास सील करा, नळ तोडा. आणि ज्यांच्या ज्यांच्या खड्ड्यात फळ्या आहेत, त्यांनी आत्ताच सांगा. मला कासरा घेऊन यायला लावू नका."

 मग एक हात वर आला. पाठोपाठ आणखी दोन. तिसरा हात वर करणाऱ्या बाईनं आठवडाभर रत्नाक्काचं दूध बंद ठेवलं होतं.

दिवेलागणीला छाया धुतलेली बरणी घेऊन रत्नाक्काच्या दारात उभी राहिली. नवा खड्डा विहिरीपासून लांब, खालच्या अंगाला काढायचं ठरलं होतं. तालुक्याहून बरणी मागवता आली असती, पण तिला इथंच यायचं होतं.

"चुकले गं आक्का," ती म्हणाली आणि रडायला लागली.

रत्नाक्कानं तिला रडू दिलं. जवळ मात्र घेतलं नाही.

"दिवे लागल्यावर विरजण देत न्हाईत," ती म्हणाली. "तुझ्या सासूला दिवेलागणीलाच दिलं होतं. त्याचं हे झालं."

"आक्का..."

"आणि आता माझं कशाला? पुन्हा माझाच नंबर विहिरीत फिरवायचाय? तालुक्यातनं तुझं तू आण." ती आत वळली, पुन्हा थांबली. "मधुराला आणि बाळाला इकडं पाठव. तीन महिने कुठं हिंडणार बाळंतीण? आमच्याकडचं वापरू दे. तुम्हा दोघांचं तुम्ही बघा."

तीन दिवसांनी हिंदुराव आणि छाया मिळून नवा खड्डा खणत होते. कमरेच्या वर आला तेव्हा काठावर सावली पडली. रत्नाक्का आली होती, हातात गवंड्याची टेप घेऊन. तिनं वाकून टेप सोडली, तळाला टेकवली, आकडा बघितला. मग टेप उचलून दुसऱ्या कोपऱ्यात सोडली, कारण एका कोपऱ्यावर तिचा विश्वास नव्हता.

"दोन बोटं जास्त हाय," ती म्हणाली. "माती टाक."

छायानं फावडं उचललं आणि माती टाकली.